महादेवाची वाट : वरोऱ्याकडच्या घरांची सातपुड्याची यात्रा



आजचा विषय साधा आहे. आपल्या वरोरा-भद्रावती-चिमूर पट्ट्यातली घरं डोंगरावरच्या देवाला जात आली, ती कशी, केव्हापासून आणि कोणाच्या भरवशावर. आज कोणी "आम्ही यात्रेला जाऊन राहिलो" म्हटलं की लोक लगेच विचारतात, "केदारनाथ की अमरनाथ?" ट्रॅव्हल्सची गाडी, आधार कार्डाची झेरॉक्स, हेलिकॉप्टरचं बुकिंग. पण हिमालय आपल्या घरांत उशिरा आला. त्याच्या आधी कितीतरी पिढ्या आपला डोंगर म्हणजे सातपुडा होता आणि आपला देव म्हणजे पचमढीचा महादेव. जुनी माणसं पचमढी हे नावसुद्धा घेत नाहीत. "महादेवाले गेलो होतो" एवढंच म्हणतात. कोणता महादेव, हे विचारायची गरज पडत नाही.

मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. या यात्रेबद्दल जे काही लिहिलेलं सापडतं, ते बहुतेक सगळं सरकारनं आणि साहेबांनी लिहिलं, आणि ते कर, रोग आणि बंदोबस्त यांच्याबद्दल आहे. यात्रेकरू घरानं स्वतः काही लिहून ठेवलं नाही. म्हणून इतिहासाच्या कागदात आपला आजा दिसतो तो पटकी पसरवणारा माणूस म्हणून. नवस फेडणारा बाप म्हणून तो कुठेच दिसत नाही. हे कसं झालं ते आपण पाहू, आणि ते दुरुस्त करता येईल का तेही पाहू.

आधी वाट समजून घेऊ

पचमढी आज मध्य प्रदेशात, नर्मदापुरम जिल्ह्यात आहे. 2022 पर्यंत या जिल्ह्याचं नाव होशंगाबाद होतं. सातपुड्याचं सगळ्यात उंच शिखर धूपगड तिथेच आहे, सुमारे 1350 मीटर. महादेवाची ठिकाणं एक नाहीत, अनेक आहेत. जटाशंकराची गुहा, बडा महादेव, गुप्त महादेव, आणि चौरागडचं शिखर. भस्मासुराला वर दिल्यावर महादेव त्याच्यापासून लपत लपत या गुहांमधून फिरला, अशी तिथली कथा. चौरागडला शेवटच्या चढावर सुमारे तेराशे पायऱ्या आहेत आणि वर पोचलं की त्रिशूळांचा ढीगच ढीग. बोटभर उंचीच्या त्रिशुळापासून ते दोन-चार माणसांनी खांद्यावर घ्यायच्या त्रिशुळापर्यंत. यातले पुष्कळसे विदर्भातून गेलेले आहेत.

इथे एक घोटाळा आधीच दूर करतो, कारण मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरात तो सारखा दिसतो. राणी दुर्गावतीच्या मृत्यूनंतर, 1564 साली, मोगल सरदार आसफखानानं जो चौरागड जिंकला, जिथे राणीचा मुलगा बीरनारायण पडला, तो किल्ला वेगळा. तो नरसिंगपूर जिल्ह्यात, गाडरवाऱ्याकडे आहे. त्रिशुळाचा चौरागड पचमढीचा. नाव एक, डोंगर दोन.

आता वरोऱ्याहून अंतर बघा. वरोरा ते नागपूर शंभरेक किलोमीटर, पुढे सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया करत पचमढी. सगळं मिळून साडेतीनशेच्या आसपास. बैलबंडी दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर चालते असं धरा. म्हणजे जायलाच दोन आठवडे, यायला दोन. घरातली चार-पाच माणसं महिनाभर बाहेर. हे परवडतं केव्हा? महाशिवरात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. ज्वारी निघालेली, कापूस बराचसा घरात आलेला, नदी-नाल्यांना उतार, आणि ऊन अजून मारणारं नाही. शेतकऱ्याच्या वर्षात महिनाभर घर सोडता येईल अशी हीच एक फट. पंचांगात देवाचा दिवस ठरला, पण माणसाला निघता आलं ते पिकाच्या हिशोबानं.

छिंदवाड्याकडून पायी जाणाऱ्यांची जुनी वाट जुन्नारदेववरून जाते. तिथल्या शिवमंदिराला "पहिली पायरी" म्हणतात. चौरागड अजून कितीतरी दूर, डोंगरांच्या रांगा मध्ये, तरी पायरी इथूनच मोजायची. पुढे दमुआ, मग भुराभगताचं ठाणं, मग चौरागड. भुराभगत हा महादेवाचा भक्त. त्याला भेटल्याशिवाय पुढे जायचं नाही, असा रिवाज. माहूरला, पंढरपूरला जसे वाटेवरचे मुक्काम ठरलेले, तसेच इथले.

पोहा : घर कसं निघायचं

आपल्याकडे यात्रेच्या जथ्याला पोहा म्हणतात. महादेवाचा पोहा म्हणजे गावातली पाच-सात घरं मिळून निघालेली टोळी. पुढे एक भगत. हा बहुतेक वेळा ब्राह्मण नसतो, पुजारीही नसतो. शेतकरीच असतो, पण वाट त्याला पाठ, गाणी त्याला पाठ, आणि कुठे पाणी गोड आहे, कुठे मुक्काम करायचा नाही, हे त्याला ठाऊक. हिमालयातल्या यात्रेत हे काम पंड्याकडे असतं. बद्रीनाथाचे पंडे देवप्रयागचे. त्यांच्याकडे प्रांताप्रांताच्या वह्या असतात आणि त्यात तुमच्या पणज्याचं नाव सापडतं. हरिद्वारच्या अशा वह्यांचं मायक्रोफिल्मिंगही झालं आहे. महादेवाच्या वाटेवर कारभार भगताच्या डोक्यात चालायचा. भगत गेला की त्याच्याबरोबर वही गेली.

निघायचं कारण बहुतेक वेळा नवस. मूल होऊ दे, दुखणं बरं होऊ दे, बैल वाचू दे. नवस बोलणारी बहुतेक घरची बाई. फेडायला मात्र सगळं घर. लोहाराकडून त्रिशूळ करून घ्यायचा, घरी त्याची पूजा करायची, शेंदूर लावायचा, आणि मग तो जमिनीवर न ठेवता न्यायचा. शिदोरीला भाकरी, चटणी, कोरडं चून. वाटेत मुक्कामाला रोडगे. रात्री महादेवाची गाणी. या गाण्यांत महादेव आणि पार्वती म्हणजे आपल्या गावचं भांडखोर नवराबायकोचं जोडपं असतं. ती रुसते, तो मनवतो. परत आलं की मावंदं. ज्यांनी मागे राहून गुरं सांभाळली, लेकरं सांभाळली, त्यांना आधी जेवण.

हे शेवटचं वाक्य विसरू नका. यात्रेला पाच माणसं जातात तेव्हा घरात तीन माणसं थांबलेली असतात. मोठी जाऊ गेली तर धाकटी थांबते. मामाजी गेले तर मुलगा वखर धरतो. दुसऱ्या वर्षी पाळी बदलते. मागे थांबलेल्यांच्या कष्टावर यात्रा चालते, आणि मावंद्याचं पहिलं पान त्यांच्यासमोर मांडून घर ते कबूल करतं.

आणखी एक. नवस बोलणारा आणि फेडणारा एकच असतो असं नाही. आजीनं बोललेला नवस पैशाअभावी राहिला, बापाच्या काळात दुष्काळ आला, आणि शेवटी नातवानं त्रिशूळ नेला, असं कितीतरी घरांत झालंय. म्हणजे हे एक प्रकारचं कर्जखातं आहे. सावकाराच्या वहीत नाही, पण पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं.

कागदात काय आहे

आता कागदांकडे वळू.

1818 साली नागपूरचे अप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या कैदेतून निसटले. गेले कुठे? याच महादेवाच्या डोंगरात. गोंड आणि कोरकू ठाकुरांच्या आश्रयानं ते काही महिने तिथे राहिले, आणि 1819 च्या सुरुवातीला अशीरगडाकडे निघून गेले. त्याच 1818 च्या मे महिन्यात इकडे चांद्याचा किल्ला इंग्रजांनी घेतला. म्हणजे आपल्या जिल्ह्याचा आणि त्या डोंगराचा धनी तेव्हा एकच होता, नागपूरकर भोसले. आपली माणसं महादेवाला जायची ती परमुलुखात जायची नाहीत. आपल्याच राज्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायची.

विल्यम स्लीमन, ठगांच्या बंदोबस्तामुळे ज्यांचं नाव आपल्याला माहीत आहे, ते 1822 ते 1824 नरसिंगपूरला अधिकारी होते. 1844 साली त्यांचं आठवणींचं पुस्तक लंडनला निघालं. त्यात महादेवाच्या डोंगरावरच्या जत्रेचा मजकूर आहे, आणि तो अंगावर काटा आणणारा आहे. मूल नसलेली बाई नवस बोलते की पहिला मुलगा झाला तर तो महादेवाला देईन. मुलगा वयात आला की ती त्याला हे सांगते, आणि तो पोरगा जत्रेच्या दिवशी कड्यावरून उडी घेतो. स्लीमन यांनी हे असं लिहिलंय. पुढे हेच वाक्य फिरत फिरत गॅझेटिअरांत गेलं, प्रवासवर्णनांत गेलं.

या मजकुराकडे मी दोन बाजूंनी बघतो. एक, नवसाची जबाबदारी आईकडून मुलाकडे जाते, हे त्यांनी बरोबर टिपलंय. हे सूत्र आजही दिसतं. दुसरं, हजारो माणसांच्या जत्रेतून साहेबाच्या वहीत गेली ती फक्त ही एक गोष्ट. बाकीचे हजारो जण काय करत होते? भाकरी भाजत होते, लेकरू हरवलं म्हणून हाका मारत होते, पाय चेपत होते. ते कोणी लिहिलं नाही.

मग 1854 साली नागपूरचं राज्य खालसा झालं, 1861 साली मध्य प्रांत तयार झाला. रिचर्ड टेंपल यांच्या काळात कॅप्टन जेम्स फोर्सिथ पचमढीच्या पठारावर गेले. पर्यटनाच्या पाट्यांवर "1857 साली फोर्सिथ यांनी पचमढीचा शोध लावला" असं लिहिलेलं दिसतं. फोर्सिथ यांच्या स्वतःच्या पुस्तकात, जे 1871 साली त्यांच्या मृत्यूनंतर निघालं, ही स्वारी 1862 सालची आहे. साल तर चुकीचं आहेच, पण शोध कसला? ज्या डोंगरावर विदर्भातून, नर्मदेच्या खोऱ्यातून बंड्या भरभरून लोक दरवर्षी जात होते, त्याचा शोध लागला म्हणायचं म्हणजे तिथे आधी गेलेली माणसं मोजायचीच नाहीत.

आणि तिथे राहणारी माणसं? ते कोरकू आणि गोंड. पचमढीचा कोरकू जहागीरदार हा महादेवाच्या देवळांच्या वंशपरंपरागत रखवालदारांचा, म्हणजे भोपांचा, मुख्य होता. हे इंग्रजांच्याच गॅझेटिअरात आहे. रसेल आणि हिरालाल यांच्या 1916 च्या ग्रंथात कोरकूंची उत्पत्तिकथा नोंदवलेली आहे. त्यात महादेव वारुळाच्या लाल मातीतून पहिला पुरुष आणि पहिली बाई घडवतो, मुला आणि मुलाई. गोंडांची लिंगोची कथा नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप यांनी जमवली, त्यांच्या नावानं नागपूरचं हिस्लॉप कॉलेज आहे. ती टेंपल यांनी 1866 साली छापली. तिच्यात महादेव गोंडांना गुहेत कोंडतो आणि लिंगो त्यांना सोडवतो. आजच्या कोया पुनेमच्या मांडणीत हा डोंगर शंभूचा, गोंडांच्या आद्यपुरुषांचा मानला जातो. तेव्हा "आमचा महादेव" म्हणताना एवढं लक्षात ठेवा. आपण तिथे पाहुणे म्हणून जात आलो. घर दुसऱ्याचं आहे, आणि त्या घराच्या गोष्टीत महादेव कधी घडवणारा आहे तर कधी कोंडणारा.

पटकीची वर्षं

आता यात्रेच्या इतिहासातलं सगळ्यात जड पान.

1860 च्या दशकात महादेवाच्या यात्रेत पटकी फुटली. पटकी म्हणजे कॉलरा, आपल्याकडे हगवण-वांतीची साथ, "मरीमाय". अरुंद दरी, झऱ्याचं एकच पाणी, आणि एकाच वेळी हजारो माणसं. माणूस सकाळी धडधाकट आणि संध्याकाळी गेलेला. घाबरून यात्रा पांगली, आणि पांगली म्हणजे काय, तर ज्याला रोग लागलाय तो आपल्या गावाच्या वाटेला लागला. साथ वाटेवरच्या गावांत उतरली. सरकारनं यात्रेवर बंदी घातली, ती काही वर्षं टिकली.

त्या वेळी जगात काय चाललं होतं बघा. 1865 साली मक्केच्या हजमध्ये पटकीनं हजारो यात्रेकरू मेले आणि तिथून साथ इजिप्त, युरोपात गेली. 1866 साली कॉन्स्टँटिनोपलला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. तिथे हिंदुस्थानातल्या यात्रा हे साथीचं मोठं कारण म्हणून चर्चेला आल्या. 1867 साली हरिद्वारच्या कुंभात पुन्हा साथ. आपला चांद्याचा, वर्ध्याचा पोहा, नकळत, जगाच्या राजकारणात सापडला. तिकडे बंदरं बंद करायची की नाही यावर वाद, आणि इकडे जुन्नारदेवच्या वाटेवर शिपाई उभा.

बंदी चूक होती का? मी तसं म्हणणार नाही. रोग खरा होता, मरणं खरी होती. पाण्यातून पटकी पसरते हे लंडनमध्ये जॉन स्नो यांनी 1854 साली दाखवलं होतं, पण ते सगळ्यांनी मान्य केलेलं नव्हतं. जंतू रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात ओळखला तो 1884 साली. तोपर्यंत सरकारला एकच उपाय ठाऊक होता, माणसं अडवा. माझं म्हणणं नोंदीबद्दल आहे. किती मेले, कुठल्या रस्त्यानं गेले, कुठल्या तारखेला कुठल्या ठाण्यात साथ उठली, हे सगळं लिहिलं गेलं. पण ज्या घरातली पाच गेली आणि दोनच परत आली, त्या घरात पुढे काय झालं? नवस फिटला असं धरलं का? त्रिशूळ वाटेत टाकावा लागला, त्याचं काय केलं? हे विचारणारा कोणी नव्हता.

विष्णुभट गोडसे 1857 साली वरसईहून उत्तरेला गेले. पैसे मिळवायचे आणि यात्राही करायची, असा हेतू. त्यांनी पुढे सगळी हकिकत लिहून काढली, आणि चिंतामणराव वैद्यांमुळे 1907 साली ती छापली गेली. म्हणून आपल्याला एका यात्रेकरूच्या तोंडून सत्तावनचा गदर ऐकायला मिळतो. त्याच काळात आपल्या भागातून महादेवाला गेलेल्या कुणब्याला, माळ्याला, तेल्याला अक्षरओळख नव्हती. त्यांनी पाहिलेलं गाण्यात गेलं. आणि गाणी आता चाळिशीच्या आतल्यांना येत नाहीत.

कोळसा, रेल्वे, आणि नकाशावरची रेघ

पुढचा भाग भराभर सांगतो.

1870 च्या दशकात वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत रेल्वे आली. ती यात्रेकरूंसाठी आली नाही, वरोऱ्याच्या कोळशासाठी आली. खाण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंद झाली, रेल्वे राहिली. 1870 सालीच इटारसी-जबलपूरकडची मोठी लाइन पुरी झाली होती, आणि पिपरिया हे पचमढीचं स्टेशन झालं. पण वरोऱ्याहून तिकडे जायचं तर वर्धा, भुसावळ, खंडवा, इटारसी असा उलटा वळसा. नागपूर-छिंदवाडा छोटी लाइन 1910 च्या दशकात आली तेव्हा खरी सोय झाली. ही छोटी गाडी 2015 साली लाइन मोठी करण्यासाठी बंद झाली.

गंमत अशी की परासिया, जुन्नारदेव, दमुआ हाही कोळशाचा पट्टा. राष्ट्रीयीकरणानंतर आपल्या माजरी-बल्लारपूरच्या खाणी आणि तिकडच्या पेंच-कन्हानच्या खाणी एकाच वेकोलिखाली आल्या. बदल्या होऊ लागल्या. यात्रेची जुनी वाट आणि नोकरीची नवी वाट एकाच गावांतून गेली. यात्रेच्या मुक्कामाला आता कोणाचा तरी भाऊजी क्वार्टरमध्ये असतो.

आणि मग रेघ. इंग्रजी अमदानीत पचमढी ही मध्य प्रांताची उन्हाळी राजधानी, म्हणजे नागपूरचं सरकार उन्हाळ्यात तिथे जायचं. 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले, आणि महादेव दुसऱ्या राज्यात राहिला. भाविकांच्या पायांना ही रेघ कळली नाही, पण कारभाराला कळली. आज यात्रा भरते मध्य प्रदेशात, आणि येणाऱ्यांत मोठा वाटा महाराष्ट्राचा. पाण्याचे टँकर एका सरकारचे, भाविकांच्या एसटी दुसऱ्या सरकारच्या. पंचांगसुद्धा वेगळं. महाशिवरात्र आपल्या कॅलेंडरात माघ वद्य चतुर्दशी, त्यांच्या पत्रकावर फाल्गुन कृष्ण चतुर्दशी. दिवस तोच. नागपंचमीला आपला श्रावण नुकताच लागलेला असतो, त्यांचा पंधरवडा होऊन गेलेला असतो.

नागद्वार : जंगल वर्षातून एकदा उघडतं

नागपंचमीचं नाव निघालं म्हणून नागद्वाराकडे वळतो. आज आपल्याकडच्या तरुण मुलांत महाशिवरात्रीच्या यात्रेइतकीच, कदाचित जास्तच, नागद्वाराची ओढ आहे. आपल्या भद्रावतीला भद्रनागाचं देऊळ आहे, नाग हा या मुलखाचा जुना देव आहे, तेव्हा ही ओढ समजण्यासारखी आहे. नागपंचमीच्या आधीचे दहाएक दिवस, भर पावसात, धूपगडाच्या बाजूनं दरी उतरायची, ओढे ओलांडायचे, पद्मशेष गुहेचं दर्शन घ्यायचं आणि परत चढायचं. वाटेत विदर्भातल्या मंडळांचे अन्नछत्राचे तंबू. माझं अनुमान असं आहे की घरच्या घरं नागद्वाराला निघू लागली ती मोटारींमुळे. पेरणी झाल्यावर, नद्यांना पूर असताना, बैलबंडीनं तिथे जाणं सोपं नव्हतं. चौरागड ही बंडीच्या काळातली यात्रा, नागद्वार एसटीच्या आणि टाटा सुमोच्या काळातली.

ही वाट वर्षभर बंद असते. सातपुडा राष्ट्रीय उद्यान 1981 साली झालं, 1999 साली पचमढी जीवावरण क्षेत्र जाहीर झालं, आता सगळा भाग व्याघ्र प्रकल्पात आहे. दहा दिवस लाखोंच्या संख्येनं माणसं आणि बाकीचे दिवस वाघ, अशी वाटणी. 2020 साली करोनामुळे देशभरातल्या यात्रांसारखी ही यात्राही भरली नाही. त्या वेळी देशात जो साथरोग कायदा लावला गेला, तो 1897 सालचा, प्लेगच्या वेळचा. दीडशे वर्षांत डॉक्टर बदलले, लस आली, पण यात्रा थांबवण्याची रीत जुनीच राहिली.

आपण ताडोबाच्या शेजारी राहणारी माणसं. जंगलाला सुट्टी लागते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. मग दहा दिवसांनी परतताना दरीत प्लास्टिकच्या पिशव्या सोडून येणं हे कोणत्या नवसात बसतं? पोह्याच्या काळात शिदोरी कापडात बांधलेली असायची, म्हणून मागे काही उरायचं नाही. आता प्रत्येक गोष्ट पुडीत येते. जिथे प्राणी वर्षभर पाणी पितात तिथे आपण दहा दिवस राहून येतो. सरकार एक दिवस म्हणेल, संख्या कमी करा, नावं नोंदवा. तेव्हा पुन्हा कागदात आपण त्रास म्हणूनच नोंदले जाऊ, 1860 च्या दशकात नोंदले गेलो तसे. ते टाळायचं असेल तर पोह्याची शिस्त आपल्यालाच परत आणावी लागेल. जितकं वर नेलं, तितकं खाली आणायचं. भगत हे सांगायचा आणि लोक ऐकायचे.

आता काय करायचं

इतिहासाच्या माणसाकडे मागण्यासारखं एकच असतं, वही. घरी गेल्यावर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि पाच गोष्टी लिहून घ्या. पहिल्यांदा महादेवाला कोण गेलं आणि कशानं, पायी, बंडीनं की रेल्वेनं. नवस कोणी आणि कशासाठी बोलला. पोह्यात कोणकोणती घरं होती, कोणकोणत्या जातीची, कारण गावाचं खरं समाजशास्त्र त्या यादीत आहे. मागे कोण थांबलं. आणि वाटेत कोण गेलं. गाणी येत असतील तर मोबाइलवर रेकॉर्ड करा, पण गाणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख आधी बोलून घ्या. त्याशिवाय दहा वर्षांनी ते रेकॉर्डिंग कोणाचं होतं हे कोणालाच सांगता येणार नाही.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न : सर, हिमालयाची चारधाम यात्रा आणि महादेवाची यात्रा यात मोठी कोणती?*

मोठी-लहान हे देवावर सोपवू. फरक सांगतो. हिमालयात आज आपण कंपनीच्या भरवशावर जातो. 2013 च्या जूनमध्ये केदारनाथला पूर आला तेव्हा महाराष्ट्रातली बरीच कुटुंबं तिकडे अडकली. कोण कुठे आहे, हे घरी कळायला मार्ग नव्हता. पोह्यात प्रत्येक माणूस दुसऱ्याला नावानं, घरानं ओळखायचा. संध्याकाळी भगत माणसं मोजायचा. पॅकेजनं जा, जरूर जा, पण आपल्यातलाच एक जण मोजणारा ठेवा.

*प्रश्न : ज्यांना एवढ्या दूर जाणं जमत नाही त्यांनी काय करायचं, जुने लोक काय करत?*

जवळचा महादेव गाठत. अमरावती-बैतूलच्या सीमेवर सालबर्डीची गुहा आहे, तिथे महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. आपल्या बाजूला वैनगंगेकाठी मार्कंडा आहे. तिथेही महाशिवरात्रीलाच यात्रा असते आणि देवळं तर अप्रतिम आहेत. मोठ्या महादेवाचा नवस लहान महादेवाला फेडता येतो का, यावर मात्र प्रत्येक घराचं मत वेगळं असतं. माझ्या माहितीतल्या म्हाताऱ्या बायांचा निकाल असा, की म्हाताऱ्या माणसाला चालतं, तरण्याला चालत नाही.

*प्रश्न : वही लिहिली तर द्यायची कुणाला?*

आधी घरातच ठेवा, दोन प्रती करा, एक लेकीच्या सासरी द्या. लेक दुसऱ्या गावी असते, म्हणून एका घराला आग लागली किंवा पाणी शिरलं तरी दुसरी प्रत वाचते. मग गावच्या वाचनालयाला किंवा कॉलेजच्या इतिहास विभागाला झेरॉक्स द्या. आणि वहीच्या पहिल्या पानावर तारीख घाला. बाकी काही राहिलं तरी चालेल, तारीख राहू देऊ नका.